वाढत्या अंगाचा पडदा

टिण्, एवढासाच आवाज झाला आणि दुपारची शांतता मधोमध उसवली. पडद्याची एक कडी दोरीवरून निसटून फरशीवर पडली, स्वतःभोवती गरगरली आणि खाटेच्या पायाशी जाऊन आडवी झाली. मशीनच्या पायट्यावरचा तिचा पाय जागच्या जागी थांबला. तिने आधी पाहिलं ते लेकीकडे. बटण झोपलेलीच होती. तोंड किंचित उघडं, एक मूठ गालाखाली, कपाळाला घामाने चिकटलेली बट. जन्मली तेव्हा एवढीशी आणि गोल गरगरीत होती म्हणून बापाने बटण म्हटलं, आणि खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. ती उठायला अजून अवकाश होता. तोवरचा वेळ आईचा. चोरलेला म्हणा, उसना म्हणा, पण आईचा. या वेळात ती मशीन अशी हळू चालवायची, की सुई कापडाच्या कानात काहीतरी सांगतेय असं वाटावं. कडी उचलायला ती उठली नाही. पडद्याचा एक कोपरा खाली लोंबत होता आणि त्या फटीतून उन्हाची एक लांबट चिंधी आत येऊन बटणच्या पायावर पडली होती. पडू दे, तिला वाटलं. ऊन काही घरभाडं मागत नाही.

कड्या निसटायच्याच. पडद्याला दांडी नव्हती, खिडकीच्या दोन गजांना ताणून बांधलेली दोरी होती. दांडी लावायची तर भिंतीत खिळे हवेत, आणि या घरात आल्या दिवशीच मालकीणबाईंनी किल्ली हातावर ठेवता ठेवता सांगितलं होतं, "भिंतीला खिळा तेवढा नको हं. बाकी घर तुमचंच समजा." बाई गोड होत्या. चेहरा असा की नाही म्हणताना आपल्यालाच अपराधी वाटावं. त्या दिवसापासून ते वाक्य नवराबायकोत नाण्यासारखं खेळत होतं. नळाचं पाणी गेलं की तो म्हणायचा, "बाकी घर आपलंच समज." पाल निघाली की ती म्हणायची, "घालवू नका, ती आपल्या आधीपासून राहते. घर तिचंच समजा." आरसा खुर्चीवर ठेवलेला, घड्याळ कपाटाच्या माथ्यावर भिंतीला टेकून, बटणने शाळेत काढलेला हत्ती डिंकाऐवजी कपाटाच्या दारात चिमटलेला. सगळं घर असं कशाला तरी टेकून उभं होतं, बसायला सांगितलेलं नसल्यासारखं. आणि गेल्या महिन्यात मालकीणबाई पुन्हा तशाच गोड चेहऱ्याने दारात आल्या होत्या. मुलगा परत येतोय, सून येतेय, जागा लागेल. "घाई नाही हं, महिना-दीड महिन्यात बघा." घाई नाही म्हणणाऱ्या माणसाइतकी घाई कुणालाच नसते, हे ती तीन घरं फिरून शिकली होती.

तिच्या मांडीवर सध्या होता तो पडदा मात्र घरातला नव्हता. तो जाड, सायीच्या रंगाचा, अस्तर लावलेला, हाताला थंड लागणारा. तो उसवायला परत आला होता. ती ज्या दुकानासाठी शिवायची त्या दुकानवाल्या ताईंचा सकाळी फोन आला, आणि ताईंचं बोलणं म्हणजे मशीन उताराला लागल्यासारखं. "अगं, झोपेत शिवलेस का पडदे? दुमड केवढी घातलीस खाली! वीतभर. त्या बाई म्हणतात, ऊन आलं की खालचा पट्टा काळा दिसतो, जसं काही पडद्याने मोजे घातलेत. कुणाच्या वाढत्या अंगाचे शिवलेस ते? खिडकी काय वयात येणारेय?" ती ओशाळून हसली होती. "कापड भरपूर होतं ताई, म्हटलं वाया कशाला..." "वाया कसलं? चार बोटं ठेव, बाकी काप, तुकडे तूच ठेव. त्यांना कुठं जायचंय? घर त्यांचं आहे." ताई रागावल्या नव्हत्या. फोन ठेवताना त्यांनी बटणची चौकशीही केली. पण ते एक वाक्य काट्यासारखं आत राहिलं. दुखत नव्हतं. हात लावला की कळत होतं, एवढंच. त्यांना कुठं जायचंय.

तिच्या हाताने हे का केलं ते तिला आता उसवताना नीट दिसत होतं. एकेक टाका ती ब्लेडच्या टोकाने उचलत होती आणि धागा अंगाला झटका देत सुटत होता. इतकी वर्षं शिवतेय, गिऱ्हाइकाच्या पडद्याला किती दुमड लागते हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. चूक डोक्याची नव्हती, हाताची होती. हाताला घरची सवय लागली होती. घरचा पडदा, तो निळा, आता दोरीवरून एका कानाने लोंबणारा, तो तिने लग्न झाल्या झाल्या शिवला होता. कापडाच्या बाजारात ताग्याच्या शेवटी उरलेला तुकडा स्वस्तात मिळाला होता. पहिल्या घराला खिडकी अशी नव्हतीच, भिंतीत ठेवायला विसरलेली एक वीट असावी तेवढं ते भोक, आणि समोर दुसऱ्या इमारतीची पाठ. तरी पडदा हवा होता तिला. नवरा म्हणाला, "कुणापासून झाकायचं? समोरची भिंत आंधळी आहे." ती म्हणाली, "भिंतीपासून नव्हे. घर वाटायला." आणि शिवताना तिने कापड कापलं नाही. सगळं उरलेलं खाली दुमडत नेलं, दोनदा, तीनदा, आणि वरून लांब लांब टाके घातले. पुढच्या घराची खिडकी मोठी असेल. तिची आई तिचे फ्रॉक असेच शिवायची, वाढत्या अंगाचे. पहिल्या वर्षी फ्रॉक जमिनीला लागायचा, तिसऱ्या वर्षी गुडघ्यावर यायचा, आणि दर वर्षी खाली एक गडद पट्टी उघडायची, जिला अजून ऊन लागलेलं नसायचं. मैत्रिणी त्या पट्ट्या मोजून वय सांगायच्या. तिला लाज वाटायची आणि आईचा राग यायचा. आता तीच आई तिच्या बोटांत येऊन बसली होती. दुसऱ्या घराची खिडकी खरंच मोठी निघाली. तिने दुमड उसवली, पडदा लांब झाला, खाली एक गडद निळी पट्टी आली. तिसऱ्या, म्हणजे या घरात आणखी थोडी. तरी अजून एक घडी आत शिल्लक होतीच. कधी न पाहिलेल्या खिडकीसाठी राखून ठेवलेली. आणि या सायीच्या पडद्यांवर बसली तेव्हा मन कुठेतरी भलतीकडेच होतं, हात आपले चालत होते, आणि हातांनी त्या अनोळखी बाईंच्या खिडकीसाठीही पुढच्या घराची सोय करून ठेवली.

भलतीकडे म्हणजे दिराच्या गावाकडे. गाव तरी कसं म्हणायचं, शहर जिथे संपून संपून थकतं आणि मग पुन्हा थोडं सुरू होतं, तिथे. दिराने तिथे घर घेतलं त्याला चार वर्षं झाली. आता त्याच्याच रांगेत एक घर निघालं होतं, लहान, पण त्यांच्या आवाक्यातलं. ते बघायला गेले त्या दिवशी आवाक्यातलं हा शब्द दिराच्या घरात सगळ्यांनी इतक्यांदा उच्चारला होता, की तो ऐकला की तिला फळीवरचा डबा आणि टाचा उंचावलेली बटण दिसायची. दीर म्हणाला, "दादा, विचार करत बसशील तर हेही जाईल. तिकडे तुला कोण घर देणार आहे? आपल्यासारख्यांनी तिकडे फक्त कामाला जायचं." तिचा नवरा रंगारी. शहरातल्या अर्ध्या नव्या इमारतींच्या पोटात त्याचा हात फिरलेला. तो एरवी वाद घालणाऱ्यांतला नव्हे, पण त्या दिवशी तो म्हणाला, "का रे? भिंत मी रंगवायची आणि भिंतीपासून इतकं लांब राहायचं, की पोचेपर्यंत रंग वाळावा? जो माणूस रोज काम करतो त्याला कामाच्या जवळ एक खोली विकत घेता येऊ नये, हे तुला बरोबर वाटतं?" दीर हसला. "बरोबर कुणी म्हटलं? पण घेता यायलाच पाहिजे म्हणणारे सगळे भाड्याच्या घरात म्हातारे झाले. मी म्हटलं नाही, मी घेतलं."  नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं आणि बोटाने एका जागी चाचपलं. "हात नीट फिरवलेला नाही इथे. पापुद्रा धरलाय. रविवारी येऊन काढून देईन," तो म्हणाला. आणि तिला त्या क्षणी त्याची इतकी माया आली की तिने उगाच बटणचे केस पुन्हा विंचरले.

जाऊबाई त्या दिवशी स्वयंपाकघरात तिला हळूच म्हणाल्या होत्या, "घर चांगलंय गं. स्वतःचं आहे. खिळे पाहिजे तितके मारते मी, परवा तर राग आला म्हणून एक मारला, काही टांगायचं नसताना." दोघी हसल्या. मग जाऊबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "एवढंच, की हे अंधार असताना जातात आणि अंधार पडल्यावर येतात. धाकटा लहान होता ना, रविवारी यांना उजेडात बघून रडायचा. पाहुणा आला म्हणून पळून माझ्या मागे लपायचा. आता सवय झाली." त्यांनी हे गंमत म्हणून सांगितलं होतं, आणि ती हसलीही होती, पण हसणं अर्ध्यावर असताना तिला दिसलं, की चहा गाळून संपला तरी जाऊबाई गाळणी कपावर तशीच धरून उभ्या आहेत. शिलाईचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "इथे पडदे कोण शिवून घेणार? आम्ही चादर टांगतो." म्हणजे ताईंचं काम सुटणार. म्हणजे मशीन घरच्या फाटक्याला ठिगळ लावण्यापुरतं. पण घर आपलं. ती या दोन टोकांना धरून कापड झटकावं तसं रोज झटकत होती, आणि सुरकुती कुठेतरी मधेच राहत होती.

आज नवरा कामावर खाडा करून तिथेच गेला होता. घरमालकाला भेटायला, घर पुन्हा एकदा बघायला, आणि हो की नाही ते सांगायला. सकाळी बटण झोपेत असतानाच निघाला. धुतलेला शर्ट घातला, केसांना पाणी लावलं, दारात थांबून म्हणाला, "काय सांगू?" ती म्हणाली, "बघून या आधी." तो म्हणाला, "बघितलेलंच आहे की." ती म्हणाली, "तेव्हा घर बघायला गेला होतात. आज खिडकी बघा." आणि तिने त्याच्या खिशात दोऱ्याची गुंडी घातली. ही त्यांची जुनी पद्धत. पहिल्या घराच्या वेळी त्याने खिडकीचं माप तळहातावर लिहून घेतलं होतं आणि मग दिवसभर कामावर गेला होता. संध्याकाळी हात उघडला तर माप हिरव्या रंगाखाली. तेव्हापासून दोरा. खिडकीच्या डोक्याशी एक गाठ, पायाशी दुसरी. गाठीवर रंग चढला तरी गाठ ती गाठ. त्यांच्या कपाटात असे दोन दोरे होते, दोन सोडलेल्या घरांचे. ती फेकत नव्हती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. या घराचं माप जाड दोरीवर घेतलं होतं, तीच आता खिडकीला बांधलेली होती, कड्या तिच्यावरूनच निसटत होत्या.

एक पडदा उसवून झाला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला. दुमडीची रेघ पुसटशी दिसत होती, इस्त्रीने जाईल. ज्या घरासाठी हा होता ते घर तिने पाहिलं होतं. ताईंबरोबर माप घ्यायला गेली होती, बटणला घेऊनच, ठेवणार कुणाकडे. रिकाम्या खोल्या, आणि आत शिरताच नवऱ्याचा वास. म्हणजे रंगाचा, पण तिच्यासाठी तो वास रंगाचा नव्हता, तो संध्याकाळचा होता, दार उघडल्याचा होता. ही इमारत त्यानेच आणि त्याच्या जोडीदारांनी रंगवली होती. बटण प्रत्येक भिंतीजवळ जाऊन नाक लावत होती. "आई, बाबा इथे येऊन गेले." पडद्यांच्या गिऱ्हाईक बाई किल्ली घेऊन आल्या होत्या, त्या हसल्या. वाईट नव्हत्या त्या, मुळीच. बटणला तहान लागली तर त्यांनी आपल्या पिशवीतली बाटली दिली. "घरात एक पेलासुद्धा नाही बघ," त्या म्हणाल्या, "आम्ही इथे राहणार नाही ना. घेऊन ठेवलंय नुसतं. पैसे कुठेतरी ठेवायला हवेत. पण उघड्या खिडक्या वाईट दिसतात, आत कुणी नाही हे लांबूनसुद्धा कळतं. पडदे असले की कसं, घर भरल्यासारखं दिसतं." ताईंनी टेप खिडकीवर ताणला आणि तिने माप लिहून घेतलं. तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं. काम मिळालं, मोठं काम, याचाच आनंद होता. पुढे कधीतरी संध्याकाळी बटणला घेऊन त्या रस्त्याने येताना तिने वर पाहिलं. नव्या इमारतींत काही खिडक्या पेटलेल्या होत्या आणि बऱ्याचशा नव्हत्या, आणि न पेटलेल्यांतही काहींवर पडदे होते, छान, चुण्या पाडलेले. ती हिशोबी बाई नव्हती, तिला कुणाचा हेवाही करता येत नसे फार वेळ. तिला एवढंच वाटलं, की झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाकडे बघतोय आपण. हाक मारावी तर लाज वाटते, न मारावी तर आपणच खुळे ठरतो.

त्याच इमारतीत ते एकदा गिऱ्हाईक म्हणूनही गेले होते. नवऱ्याचीच हौस. "नुसतं बघायचं. बघायला पैसे पडत नाहीत." तिघेही ठेवणीतले कपडे घालून गेले. नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं, तरणा विक्रेता अदबीने दार उघडून धरत होता. नवरा हात मागे बांधून फिरत होता, म्हणजे भिंतीला हात लागायला नको, आणि तिला हसू येत होतं, कारण त्या भिंतीच्या इंचाइंचाला त्याचा हात लागलेला होता. निजायच्या खोलीतला पलंग तिला चमत्कारिक वाटला. चादर बेतणाऱ्या डोळ्यांना कळलं आधी, मग डोक्याला. पलंग आखूड होता. खोली मोठी दिसावी म्हणून माणसापेक्षा आखूड केलेला. विक्रेता बाहेर फोनवर गेला तशी ती कुजबुजली, "झोपून बघा." तो बूट काढून आडवा झाला आणि त्याचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबले. दोघे आवाज न करता इतके हसले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पडदेही तिने उलटून पाहिले. दुमडच नव्हती. कड डिंकाने चिकटवलेली. तेवढ्यात आतून बटणचा आवाज आला, "आई, नळ आहे पण पाणीच नाही." विक्रेता धावत आला आणि म्हणाला, "बेटा, हे खरं घर नाहीये." बटण म्हणाली, "मग खरं कुठाय?" त्याने अगदी मोकळेपणाने वर बोट केलं, "खूप आहेत."  घरी येताना नवरा म्हणाला, "पाय बाहेर राहिले तरी चाललं असतं मला."  बटण दोघांच्या मधे, दोघांचे हात धरून झोका घेत होती.

ऊन पायावरून सरकून गुडघ्यावर आलं तशी बटण जागी झाली. रडली नाही, उठून बसली आणि जणू झोपायच्या आधीचंच बोलणं चाललंय अशी म्हणाली, "कडी पडली." "तू ऐकलंस?" "झोपेत ऐकलं." तिने कडी उचलून बोटात अंगठीसारखी घातली आणि आईच्या पायाशी बसून उसवलेले दोरे वेचायला लागली. वेचलेल्या दोऱ्यांचं ती घरटं करायची. "किती दोरे निघाले आज. चुकलं का तुझं?" "चुकलं." "ओरडल्या ताई?" "नाही गं. हसल्या." "मग कापतेस कशाला?" "जास्तीचं आहे म्हणून." बटणला ते पटलं नाही असं दिसलं. जास्तीचं म्हणजे चांगलं, हे तिला माहीत होतं. जास्तीची साखर, जास्तीची सुट्टी. कात्री सायीच्या कापडातून गेली आणि रुंद पट्टी तिच्या मांडीवर पडली. आतली बाजू कोरी, ऊन न पाहिलेली. चार बोटं दुमड उरली. नेमकी. जिथल्या तिथे राहणाऱ्या पडद्याला शोभेल अशी. कापताना हाताला थोडं जड गेलं आणि मग गेलं नाही. दुसऱ्या पडद्याला तर ते सोपंच झालं.

संध्याकाळ होत आली तशी बटण खुर्ची ओढून खिडकीशी गेली. ही तिची वेळ. पडद्याच्या आत शिरायचं, निळं कापड पाठीवर घ्यायचं आणि गजांना नाक लावून रस्त्याच्या वळणाकडे बघत राहायचं. बाबा वळणावर दिसले की रंग ओरडून सांगायचा. आज पिवळे. आज अर्धे पांढरे अर्धे गुलाबी. एकदा तो आकाशी येऊन उभा राहिला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या होत्या, "आई, बाबा पडद्याच्या रंगाचे आलेत." आईने स्वयंपाकघरातून ओळखायचा आणि लेकीने सांगायचा, असा तो खेळ होता, आणि जी हरेल तिने बाबांच्या कानामागचा रंग काढायचा. दोघी हरायलाच टपलेल्या असायच्या. आज तो कामावर नव्हता हे आईच्या ध्यानात होतं, पण सांगावंसं वाटलं नाही. ती मशीन पुसत होती.  मग बटण हळूच म्हणाली, "आले." मग म्हणाली, "आज बाबांना रंगच नाही." थोडं थांबून, स्वतःची समजूत घातल्यासारखी, "नुसतेच आलेत."

तो आला तो थकलेला, पण कामाने थकतो तसा नव्हे. प्रवासाने माणूस वेगळा थकतो, बसून बसून. तो पाणी प्यायला, त्याने बटणला उचललं, ती त्याच्या कानामागे बघत होती आणि तिथे काहीच नव्हतं. "काय झालं?" तिने विचारलं. "भेटला. माणूस बरा आहे. म्हणतो, उद्या सकाळपर्यंत सांगा, दुसरा एक जण दारात उभा आहे." "तुम्ही काय म्हणालात?" "सांगतो म्हटलं. तुला विचारल्याशिवाय कसं सांगू?" मग त्याने खिशातून दोरा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने दोन्ही गाठी बोटांत धरून तो ताणला. तिचे हात फार लांब गेले नाहीत. "एवढीच?" "एवढीच," तो म्हणाला. "लहान आहे. पण वाईट नाही. समोर मोकळं आहे." मग थोडं हसून, तिच्याकडे न बघता, "खिळे कुठे मारायचे तेसुद्धा बघून आलो. दांडी लागेल तुझी. आरसाही लागेल. कुणाला विचारलं नाही, मीच आपलं बोटाने खुणा करत होतो. तो माणूस म्हणाला, काय करताय? म्हटलं, धूळ आहे."

ती हसली. तिला तो दिसला, परक्या घरात बोटाने भिंतीवर अदृश्य खिळे मारत चाललेला. "परत यायला किती वेळ गेला?" "जायला-यायलाच दिवस गेला म्हण. सवय होईल. धाकट्या भावाला झालीच की."  तो तोंड धुवायला आत गेला आणि पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला.

तिने उरलेल्या कड्या सोडवल्या आणि निळा पडदा दोरीवरून उतरवला. खोली एकदम उघडी झाली. संध्याकाळचा उजेड सरळ भिंतीपर्यंत गेला, त्या बिनखिळ्याच्या, नितळ, दुसऱ्याच्या भिंतीपर्यंत. पडदा तिने फरशीवर अंथरला आणि गुडघ्यांवर बसून हाताने सारखा केला. वरचा भाग जवळजवळ पांढरा पडलेला, पहिल्या घरापासूनचा. मग दुसऱ्या घराची पट्टी, मग या घराची. आणि आत दुमडलेला तो शेवटचा गडद भाग, ज्याला अजून घर मिळालं नव्हतं. तिने नवा दोरा वरच्या कडेपासून ताणून धरला. खालची गाठ मधेच कुठेतरी आली, दुसऱ्या घराच्याही वर. इतकी वर्षं हा पडदा लांबच होत आला होता. आपल्या घरात तो पहिल्यांदा आखूड होणार होता. पुन्हा दुमडता आला असता, नाही असं नाही. पण इतकी दुमड त्या लहान खिडकीत काळी दिसेल, मोजे घातल्यासारखी. आणि दुमडायची तरी कशासाठी. तिथून कुठं जायचंय. हे वाक्य आता तिच्याच आवाजात आलं आणि तिला वाटलं होतं तसं ते सुखाचं निघालं नाही, दुःखाचंही नाही. पाठीला भिंत टेकल्यासारखं वाटलं. टेकायला बरं, आणि मागे सरकायला जागा नाही. गाठीपाशी तिने खडूने रेघ मारली, आडवी, पांढरी. चार बोटं सोडून दुसरी रेघ मारली. कापायची ती दुसरी. कात्री हातात घेतली.

बटण शेजारी पालथी पडून बघत होती. तिने खडूच्या खालचा सगळा भाग, पट्ट्यापट्ट्यांचा, हाताने चाचपून पाहिला. "हे सगळं जाणार?" "तुझा फ्रॉक होईल त्याचा," आई म्हणाली. "वाढत्या अंगाचा?" "वाढत्या अंगाचा." बटणचं समाधान झालं. तिने गाठी मारलेला दोरा उचलला, उभी राहिली, आणि एक गाठ डोक्याशी, एक खाली धरून खिडकी हवेत उभी केली, बरोबर आपल्या चेहऱ्यासमोर, आणि त्यातून बघायला लागली, जणू पलीकडे रस्ता आहे आणि रस्त्याला वळण आहे. आतला पाण्याचा आवाज थांबला होता. बाहेर उजेड झपाट्याने उतरत होता आणि आईच्या मनात उगाच आलं, की आत्ता, या वेळेला, कामावरून तिकडे निघालेली गाडी अजून अर्ध्या वाटेवरसुद्धा पोचली नसेल.

"आई," बटण त्या दोऱ्यातून बघत म्हणाली, "तिथल्या खिडकीतून बाबांचा रंग दिसेल ना?"

कात्री उघडी होती, कापड तिच्या दोन पात्यांच्या मधे होतं. तिने लेकीकडे पाहिलं, आणि मग दाराकडे, जिथे तो हात पुसत येऊन उभा राहिला होता.